लो बारवरून हाय बारकडे: गुडघ्यांना पुढे जाऊ द्या

स्क्वॉट म्हणजे पाठीवर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. बार पाठीवर थोडा खाली ठेवला तर लो बार, वर मानेजवळ ठेवला तर हाय बार. लो बार सोडून हाय बार शिकायला माझ्याकडे येणारी मुलं-मुली साधारण दोन प्रकारची. काहींचा खांदा नाहीतर कोपर लो बारच्या पकडीनं दुखायला लागलेलं असतं. बाकीच्यांना वेटलिफ्टिंगच्या दोन उचली शिकायच्या असतात: स्नॅच (बार एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर). आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक आणलं, स्नॅचला 113 आणि क्लीन अँड जर्कला 135 किलो. इथल्या पोरांना हे आकडे पाठ आहेत, त्यामुळे वेटलिफ्टिंगची ओढ नवीन नाही.

दोघांनाही मी आधी एकच सांगते. बार पाठीवर दोन-तीन इंच वर सरकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. कमरेला लागलेली मागे जायची सवय मात्र सुटता सुटत नाही, आणि सगळी मेहनत तिच्यावरच घ्यायची आहे.

ही सवय येते कुठून ते बघा. लो बारमध्ये बार पाठीच्या फऱ्यांवर हाताला लागणाऱ्या आडव्या हाडाच्या कडेखाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंवर बसतो. तोल सांभाळायचा तर बार पावलाच्या मध्याच्या वरच राहिला पाहिजे. मग पाठ पुढे झुकते, पुठ्ठे मागे जातात, आणि पुठ्ठ्यांवर नि कमरेवर जास्त काम पडतं. हाय बारमध्ये बार मानेच्या बुडाशी, ट्रॅप्सवर (मान आणि खांद्यांमधल्या स्नायूंवर) असतो. तोल तोच, पण आता पाठ जास्त उभी लागते आणि गुडघे पुढे यावे लागतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंना खरं काम इथं मिळतं. क्लीनमध्ये बार झेलून खाली बसल्यावर हीच उभी पाठ उपयोगाला येते, म्हणून वेटलिफ्टर हाय बारच मारतात.

आता रॅककडे, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडकडे चला. बार वर गेला म्हणून रॅकचे हुक एक भोक वर घ्या, नाहीतर प्रत्येक सेटला अर्धी बैठक मारून बार काढावा लागेल. सेफ्टी (उठता आलं नाही तर बार अडवणारे रॅकचे आडवे दांडे) मात्र एक भोक खाली, कारण तुम्ही आधीपेक्षा खोल बसणार आहात. हे दुसरं बहुतेकजण विसरतात आणि तळाला बार सेफ्टीवर आदळतो.

मान खाली घालून बोट फिरवलं की मानेच्या बुडाशी एक मोठा मणका हाताला लागतो. बार त्याच्यावर कधीही ठेवायचा नाही. फरे एकमेकांजवळ आणा, खांदे किंचित वर घ्या, म्हणजे त्या मणक्याखाली स्नायूंचा उंचवटा तयार होतो. बारची जागा ती. टॉवेल किंवा फोमची गुंडाळी मी लावू देत नाही. तिनं बार गोल फिरतो आणि पाठीपासून वर उचलला जातो. सुरुवातीला कातडी लाल होते, मग अंगवळणी पडतं. पकड लो बारपेक्षा आत घ्या, अंगठा बारभोवती गुंडाळा, कोपरं जमिनीकडे. ज्यांचा खांदा दुखतो त्यांना बहुधा इथंच हलकं वाटतं.

खाली जाताना ‘मागे बस’ हे डोक्यातून काढून टाका. गुडघे आणि कंबर एकाच वेळी मोडायची, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, आणि दोन्ही मांड्यांच्या मधे सरळ खाली बसायचं. तालमीत बैठका काढलेली पोरं हे पटकन पकडतात, कारण गुडघा पुढे न्यायची भीतीच त्यांना नसते. पण बैठकीत टाच उचलते, इथं टाच जमिनीला चिकटलेली हवी. एवढा एक फरक त्यांना शिकवावा लागतो. गुडघा बोटांच्या पुढे गेला की निकामी होतो, ही समजूत मला मनापासून खटकते. जिना उतरताना गुडघा पुढे जातोच. त्रास होतो तो सवय नसलेल्या गुडघ्यावर एकदम मोठं वजन टाकल्यानं.

टाच उचलत असेल तर घोटा तपासा. भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसा, दुसरं पाऊल पुढे ठेवा, अंगठा भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर. टाच न उचलता पुढचा गुडघा भिंतीला लागला तर घोटा चांगला आहे. नाही लागला तर रोज थोडा वेळ उकिडवं बसायला लागा. दारात बसून भाजी निवडणाऱ्या आपल्या आज्यांचे घोटे बघा, किती मोकळे असतात. तोवर टाचेखाली छोट्या प्लेट ठेवून हलकी वजनं चालतील. जमलं तर साधारण 2 सेंटीमीटर टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट घ्या. पळायच्या मऊ बुटात स्क्वॉट नको.

वजनाच्या बाबतीत मन मोठं करावं लागतं. लो बारनं 100 किलोचे पाच रेप, म्हणजे सलग पाच स्क्वॉट, मारणाऱ्याला मी 70 वर आणते. आठवड्यातून दोनदा, पाचाचे तीन सेट, प्रत्येक रेपला तळाशी दोन सेकंद थांबून. हा थांबा सोडू नका. तळातून उसळी मारता आली की जुनी सवय त्या उसळीत लपते. थांबलं की लगेच दिसते: पुठ्ठे आधी वर सुटतात, छाती खालीच राहते, आणि स्क्वॉटचं गुड मॉर्निंग (बार पाठीवर घेऊन कमरेतून वाकून उठायचा व्यायाम) होतं. मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून शूट करा. वर येताना पुठ्ठे आणि खांदे एकाच वेगानं उठताना दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर 5 किलो उतरवा. दिसत असतील तर दर आठवड्याला अडीच किलो चढवा.

पहिल्या आठवड्यात हमखास ऐकू येतं, “ताई, वजन तर निम्मं वाटतंय, पण मांड्या भरून आल्यात.” हे बरोबर आहे. मांड्या भरणं आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणं यात मात्र गल्लत करू नका. वाटीभोवती दुखलं तर सेट कमी करा. सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

कमरेचं काम कमी झालं म्हणून आठवड्यातून एकदा रोमानियन डेडलिफ्ट (बार हातात धरून, गुडघे थोडेच मोडून कमरेतून वाकणं) ठेवा, नाहीतर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, मागे पडतो. एक दिवस हलका फ्रंट स्क्वॉटही (बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला घेऊन) मारा. त्यात पाठ झुकली की बार खांद्यावरून पुढे घसरतो, त्यामुळे पाठ आपोआप उभी राहते. सुरुवातीचे सहा आठवडे लो बारला हात लावू नका, दोन्ही एकत्र केलं की शरीर गोंधळतं. पुढे बहुतेकांचा हाय बार जुन्या लो बारच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, काहींचा त्याहून वर जातो.

पॉवरलिफ्टिंगची (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टची) स्पर्धा दोन महिन्यांच्या आत असेल तर आत्ता काही बदलू नका. लो बारनंच उतरा, आठवडाभर विश्रांती घ्या आणि मग रिकाम्या बारपासून सुरू करा.