खरुची कशी ओळखावी

शिकारी पक्षी दिसला की बहुतेक जण आधी रंग बघतात आणि तिथेच फसतात. सूर्य समोर असला तर विटकरी पाठही काळी दिसते. युरोप, आशिया आणि आफ्रिकेत आढळणारी खरुची (केस्ट्रेल, एक छोटा शिकारी पक्षी) शोधताना आधी हालचाल पाहा, मग आकार, आणि रंग शेवटी.

जागा निवडा ती उघडी: माळरान, गवताळ उतार, शेतांचे बांध, कडे. विजेच्या तारा, खांब आणि वाळक्या झाडांचे शेंडे दुर्बिणीने एकेक करून तपासा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी घ्या.

आता हवेकडे लक्ष द्या. जमिनीपासून साधारण १० ते २० मीटरवर एखादा पक्षी पंख फडफडवत, शेपूट पंख्यासारखी पसरून एका जागी थांबला असेल, तर ती बहुधा खरुचीच. शरीर हलतं, पण डोकं जागचं ढळत नाही. खालच्या गवतातला उंदीर किंवा नाकतोडा हेरायचा तर नजर स्थिर हवीच. हे दृश्य एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. तरंगताना ती वाऱ्याकडे तोंड करते. म्हणून चेहरा पाहायचा तर वारा येतो त्या बाजूला जा, शेपटीसाठी उलट बाजूला.

मात्र कापशी नावाची छोटी घारही अशीच थांबते. ती राखाडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. शिक्रा या दुसऱ्या शिकारी पक्ष्याचे पंख रुंद आणि गोलसर. खरुचीचे लांब, टोकदार, शेपूटही लांब. लांबी ३२ ते ३९ सेंमी.

शेवटी रंग. नराचं डोकं आणि शेपूट राखाडी, पाठ विटकरी आणि तिच्यावर काळे ठिपके, शेपटीच्या टोकाजवळ एकच रुंद काळा पट्टा. मादीच्या तपकिरी शेपटीवर बारीक आडव्या रेघा असतात, टोकाजवळचा रुंद पट्टा तिलाही असतो. पिल्लं मादीसारखीच दिसतात, त्यामुळे तपकिरी पक्ष्याला लगेच मादी म्हणू नका. डोळ्याखाली मिशीसारखी गडद रेघ असते.

नराच्या पाठीवर ठिपके नसतील आणि मिशीही नसेल, तर ती खरुचीची थोडी लहान जातभाई असू शकते. तिच्या माद्या वेगळ्या काढणं खरंच कठीण. नखं दिसली तर पाहा, खरुचीची काळी, तिची फिकट पांढरट.

बसलेल्या पक्ष्याकडे सरळ चालत गेलात तर तो उडेलच. दूर थांबा. घरट्याजवळ तर जाऊच नका.