चीनमधील ज्येष्ठांचे इंटरनेट-कौशल्य कसे मोजावे

२०२०च्या जनगणनेनुसार चीनमध्ये साठ व त्याहून अधिक वयाचे सुमारे २६ कोटी ४० लाख लोक होते. त्याच वर्षी करोनाच्या साथीत ठिकठिकाणी संसर्गाचा धोका किती ते सांगणारा मोबाइलवरचा आरोग्य-कोड दाखवावा लागू लागला, आणि तो ज्यांना काढता येत नव्हता त्यांचे हाल इतके उघडे पडले की नोव्हेंबरमध्ये तिथल्या राज्य परिषदेने, म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाने, ज्येष्ठांच्या डिजिटल अडचणींसाठी स्वतंत्र योजना जाहीर केली. म्हणूनच या वयातले कौशल्य मोजताना ‘इंटरनेट वापरता का?’ एवढे विचारून थांबू नये. वापरणे आणि येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवात तयार मापनश्रेणीपासून, म्हणजे कौशल्य मोजणाऱ्या ठरावीक प्रश्नांच्या संचापासून करावी. व्हॅन डर्सेन, हेल्स्पर आणि आयनन या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेली श्रेणी हाताळणी, माहितीचा शोध, सामाजिक व्यवहार, निर्मिती आणि मोबाइल अशी कौशल्ये वेगवेगळी मोजते. तिचा चिनी अनुवाद करून तो दुसऱ्या अनुवादकाकडून मूळ भाषेत परत आणवावा व ताडून पाहावा. मात्र शब्द जुळले तरी अनुभव जुळेलच असे नाही. ब्राउझर, बुकमार्क यांवरचे प्रश्न ज्यांचे सगळे इंटरनेट वीचॅट या संदेश व पैसे पाठवण्याच्या चिनी ॲपमध्येच सामावले आहे त्यांना परके वाटतात. त्यामुळे मोठ्या पाहणीआधी दहा-पंधरा ज्येष्ठांसमोर प्रश्न वाचून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे, आणि उत्तरांत ‘प्रश्न कळला नाही’ हा पर्याय ‘येत नाही’पासून वेगळा ठेवावा.

स्वतःविषयी दिलेल्या उत्तराला प्रत्यक्ष कृतीची जोड हवीच. कोणी संकोचाने कमी सांगतो, तर कोणी नातवाने करून दिलेले कामही आपल्याच खात्यावर मांडतो. ज्येष्ठाच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या नेहमीच्या अक्षर-आकारात, छोटे काम द्यावे: वीचॅटमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या अधिक-चिन्हातून स्कॅनर उघडणे, किंवा एका परिचिताला संदेश पाठवणे. संदेश लिहिताना हात कुठे जातो ते नीट पाहावे. १९५८ मध्ये मान्य झालेली पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची शाळेत शिकवली जाणारी पद्धत, अनेकांच्या सवयीची नसते. कोणी पडद्यावर बोटाने चिनी अक्षर रेखाटतो, कोणी बोलून पाठवतो, आणि बोली प्रमाण भाषेपासून दूर असेल तर यंत्राला ते कळतेच असे नाही. यांतल्या कोणत्याही मार्गाने संदेश पोहोचला तर पूर्ण गुण द्यावेत, कारण पिनयिनचा आग्रह धरला की चाचणी इंटरनेटची न राहता शालेय शिक्षणाची होते. लागलेला वेळ नोंदवावा, पण त्यावर गुण कापू नयेत.

प्रत्येक कृतीपुढे ‘एकट्याने’, ‘तोंडी सांगितल्यावर’, ‘दुसऱ्याने फोन हाती घेतल्यावर’ अशी नोंद करावी. माझ्या मते संपूर्ण चाचणीतली हीच नोंद सर्वांत मोलाची. मुले दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या घरात या तीन अवस्थांमधला फरक रोजच्या जगण्यातला असतो.

विश्लेषणात प्रत्येक कौशल्याची अंतर्गत सुसंगती, म्हणजे त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, हे स्वतंत्रपणे तपासावे. शहर व खेडे यांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे श्रेणी सारखीच चालते का, म्हणजे त्याच प्रश्नांतून तेच कौशल्य मोजले जाते का, हेही पाहावे.

पैसे पाठवण्याची कृती खऱ्या खात्यावर कधीही घेऊ नये, आणि उठण्यापूर्वी चाचणीत बदललेली प्रत्येक सेटिंग ज्येष्ठाच्या देखत पूर्ववत करून फोन त्याच्या हाती द्यावा.