स्विचवर येणाऱ्या ट्रॅफिकला क्यूओएस लावताना या चुका टाळा

क्यूओएस म्हणजे नेटवर्कवर कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं याची व्यवस्था. फोनवर आवाज तुटतोय अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी अपलिंकच्या, म्हणजे पुढच्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणाऱ्या लिंकच्या, रांगांकडे जातो. व्हॉइसची रांग मोठी करा, तिला जास्त बँडविड्थ द्या, प्रायॉरिटी चढवा. मी आता तिथून सुरुवात करतच नाही. पॅकेट स्विचमध्ये जिथून शिरतं त्या पोर्टवर आधी जाऊन बसतो. तिथे त्याची ओळख चुकली असेल तर पुढे कितीही चांगल्या रांगा बांधा, ते चुकीच्याच रांगेत उभं राहणार. इनग्रेस पॉलिसीचं, म्हणजे आत येणाऱ्या ट्रॅफिकवर लावलेल्या नियमांचं, मुख्य काम ओळख पटवणं हेच आहे. कोणाला आधी सोडायचं हे बाहेर पडणाऱ्या पोर्टवर ठरतं, पण ते ठरतं आत शिरताना लागलेल्या खुणेवरून.

खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही

खुणा दोन. डीएससीपी हा आयपी हेडरमधला ६ बिटांचा आकडा, ० ते ६३. आवाजासाठी ४६, म्हणजे ईएफ, सगळीकडे रूढ आहे. सीओएस वेगळा. तो ३ बिटांचा, ० ते ७, आणि तो व्हीएलएएनच्या, म्हणजे स्विचवर पाडलेल्या आभासी नेटवर्कच्या, टॅगमध्ये असतो. टॅग नाही तर सीओएस नाही. तरीही ॲक्सेस पोर्टवर, म्हणजे वापरणाऱ्याचं मशीन जोडलेल्या पोर्टवर, 'ट्रस्ट सीओएस' लावलेलं मी वारंवार पाहतो. टॅग नसलेली फ्रेम आली की स्विच त्या पोर्टचा डीफॉल्ट सीओएस धरतो, आणि तो सहसा ० असतो. पीसीवरच्या सॉफ्टफोनने नीट ४६ लिहून पाठवलेलं असतं. स्विच ते पुसतो आणि ० लिहितो. अशा पोर्टवर विश्वास ठेवायचाच असेल तर डीएससीपीवर ठेवा.

दुसरी गोष्ट स्विचच्या पिढीची. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० या स्विचवर 'एमएलएस क्यूओएस' ही आज्ञा दिलेली नसते तोवर पॅकेटवरची खूण जशीच्या तशी पुढे जाते. ती आज्ञा दिली की सगळे पोर्ट एकदम अविश्वासू ठरतात आणि येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा डीएससीपी ० होतो. एका पोर्टवर एक छोटी पॉलिसी हवी म्हणून कोणी ती आज्ञा देतं आणि बाकी सगळ्या पोर्टवरच्या खुणा त्याच क्षणी पुसल्या जातात. त्यानंतरच्या ३८५० आणि ९००० मालिकेत नेमकं उलटं आहे: तिथे पोर्ट मुळातच विश्वास ठेवतो. त्यामुळे जुन्या स्विचची कॉन्फिग डोळ्यांसमोर ठेवून नव्या स्विचवर काम करताना पहिला प्रश्न हाच विचारा, की काहीच लिहिलं नाही तर हा स्विच खुणेचं काय करतो?

आणि सगळ्यांवर विश्वास ठेवून टाकला तर? मग कोणत्याही मशीनवरचा कोणताही प्रोग्रॅम स्वतःवर ४६ लिहू शकतो. एखादी मोठी फाइल कॉपी ४६ लावून निघाली की व्हॉइसची रांग तीच भरते आणि खरा आवाज तिच्या मागे अडकतो. प्रायॉरिटीची रांग उपयोगी पडते ती बारीक असते तोवरच. म्हणून वापरणाऱ्याच्या पोर्टवर खूण तपासा किंवा स्वतः लावा, आणि स्विच ते स्विच जोडणाऱ्या लिंकवर विश्वास ठेवा. दोन स्विचमधल्या ट्रंकवर विश्वास द्यायला विसरलात, तर ॲक्सेस स्विचवर केलेली सगळी मेहनत पुढच्याच पायरीवर वाया जाते.

यातला एक प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. एकाच मजल्यावर दुपारी कॉल तुटायचे, बाकी मजल्यांवर काही तक्रार नाही. क्यूओएसची कॉन्फिग अक्षर न् अक्षर सारखी. पॉलिसी सारखी, रांगा सारख्या. अपलिंकवर पॅकेट पकडून पाहिली तर इतर मजल्यांवरून येणारा आवाज ४६ आणि या मजल्यावरचा ०. पोर्टची क्यूओएस स्थिती काढली तेव्हा दोन ओळी एकाखाली एक दिसल्या. ट्रस्ट मोड: सीओएस. ट्रस्ट स्टेट: नॉट ट्रस्टेड. म्हणजे विश्वास ठेवायला सांगितलंय, पण स्विच प्रत्यक्षात ठेवत नाहीये. कारण विश्वास सशर्त होता: पोर्टवर फोन दिसला तरच. आणि स्विचला फोन दिसतो तो सीडीपीमधून, म्हणजे सिस्कोची उपकरणं एकमेकांना आपली ओळख सांगतात त्या प्रोटोकॉलमधून. त्या मजल्यावर सुरक्षा कडक करताना कोणीतरी ॲक्सेस पोर्टवरचं सीडीपी बंद केलं होतं. स्विचच्या लेखी तिथे फोनच नव्हता. सीडीपी परत चालू केलं आणि काही सेकंदांत ती दुसरी ओळ बदलली. दुपारीच का तुटायचं, याचं उत्तरही साधं होतं. दुपारी अपलिंक भरायची. लिंक रिकामी असते तेव्हा खूण चुकली काय नि बरोबर काय, काही फरक पडत नाही.

सीओएसवर विश्वास ठेवता तेव्हा त्याचं डीएससीपीत रूपांतर कोणत्या तक्त्याने होतं तेही बघा. त्या जुन्या कॅटॅलिस्टवर डीफॉल्ट तक्ता सरळ आठाच्या पाढ्याचा आहे: ०, ८, १६, २४, ३२, ४०, ४८, ५६. म्हणजे आवाजाचा सीओएस ५ आला की डीएससीपी ४० होतो, ४६ नाही. पुढचा राउटर ४६ शोधत बसतो आणि त्याला तो मिळत नाही. तक्त्यातला ४० बदलून ४६ करणं एका ओळीचं काम आहे, आणि तीच ओळ राहून जाते.

क्लास-मॅपमधले बारकावे

क्लास-मॅप, म्हणजे कोणतं ट्रॅफिक कोणत्या क्लासमध्ये धरायचं ती यादी, लिहिताना 'मॅच-ऑल' की 'मॅच-एनी' हे सांगितलं नाही तर सिस्कोचं आयओएस 'मॅच-ऑल' धरतं. आता त्यात दोन ओळी लिहा: डीएससीपी ४६, डीएससीपी ३४. लिहिणाऱ्याच्या मनात 'किंवा' असतं, स्विच 'आणि' वाचतो. एकाच पॅकेटवर दोन डीएससीपी असू शकत नाहीत, त्यामुळे त्या क्लासमध्ये कधीच काही पडत नाही. एरर येत नाही, इशारा येत नाही. सगळं ट्रॅफिक गुपचूप क्लास-डीफॉल्टमध्ये, म्हणजे कुठेच न जुळलेल्यांच्या क्लासमध्ये, जातं.

ॲक्सेस लिस्टमधल्या (पत्ते आणि पोर्ट नंबरवरून पॅकेट निवडणाऱ्या यादीतल्या) 'डिनाय'बद्दलही असाच गोंधळ होतो. क्लास-मॅपमध्ये वापरलेल्या लिस्टमध्ये 'डिनाय' म्हणजे पॅकेट टाकून देणं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की हे या क्लासचं नाही, पुढचा क्लास बघा. ज्यांना ट्रॅफिक अडवायचं आहे त्यांनी ते क्यूओएसच्या लिस्टमधून करू नये.

क्रमही महत्त्वाचा. पॉलिसीत पहिला जो क्लास जुळतो तो लागू होतो, पुढचे बघितले जात नाहीत. 'सगळं टीसीपी' असा ऐसपैस क्लास वर ठेवलात तर खालचा 'फक्त सिग्नलिंग' (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश) कायम रिकामा राहील.

दिशा विसरू नका. इनग्रेस पॉलिसी वापरणाऱ्याच्या पोर्टवर असेल तर सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट नंबर हे डेस्टिनेशन असतात. तीच लिस्ट सर्व्हरच्या पोर्टवर जशीच्या तशी चिकटवली तर तिथे काहीच जुळणार नाही, कारण तिथे तेच पत्ते सोर्स झालेले असतात. 'मला ऐकू येतंय पण त्यांना माझा आवाज तुटक येतोय' अशी एकतर्फी तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी हे बघतो.

आयपीव्ही६ चालू असेल तर आयपीव्ही४ ची लिस्ट ते ट्रॅफिक पकडत नाही. मीटिंगचं ॲप आयपीव्ही६ वरून जोडलं गेलं की तुमच्या पॉलिसीला बगल देऊन निघून जातं. आणि मोठमोठ्या पोर्ट-रेंज लिहू नका. स्विच हे नियम टीकॅममध्ये, म्हणजे हार्डवेअरमधल्या खास मेमरीत, साठवतो, ती जागा मर्यादित असते, आणि रेंज तिथे एकापेक्षा जास्त नोंदी खाऊ शकते. जागा संपली तर पॉलिसी हार्डवेअरमध्ये बसतच नाही. लॉगमध्ये त्याची एखादी ओळ येते आणि ती कोणी वाचत नाही. आवाजासाठी १६३८४ ते ३२७६७ अशी अख्खी यूडीपी रेंज पकडण्यापेक्षा फोनच्या व्हीएलएएनचा सबनेट पकडणं स्वच्छ पडतं.

पोलिसर आणि बर्स्टचा हिशेब

इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण 'दहा एमबी दिलेत पण मिळत नाहीत' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

पोलिसर ट्रॅफिकला वेगाची मर्यादा घालतो. तो म्हणजे टोकनची बादली. ठरावीक वेगाने ती भरत राहते, आणि प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतके टोकन काढून घेतं. बादलीत पुरेसे टोकन नसतील तर पॅकेट टाकलं जातं किंवा त्याची खूण उतरवली जाते. बादली केवढी, तो आकडा म्हणजे बर्स्ट. अनेक स्विचवर वेग बिट प्रति सेकंदात लिहायचा असतो आणि बर्स्ट बाइटमध्ये. इथेच आठपटीची चूक होते.

समजा वेग १० एमबीपीएस आणि बर्स्ट ८,००० बाइट. पोर्ट १ जीबीपीएसचा. टीसीपी कनेक्शन सुरू होताना आजकाल पहिल्याच दमात १० सेगमेंट, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवतं. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या दस्तऐवजापासून हा आकडा रुळला. पूर्ण आकाराची फ्रेम १,५१८ बाइटची. ती १ जीबीपीएसवर साधारण १२ मायक्रोसेकंदांत येऊन जाते. पहिल्या पाच फ्रेम ७,५९० बाइट काढून घेतात. बादलीत उरले ४१०. तेवढ्या वेळात भरलेले टोकन? १० एमबीपीएस म्हणजे मिलिसेकंदाला १,२५० बाइट, आणि पाच फ्रेमना लागले जेमतेम ६० मायक्रोसेकंद, म्हणजे भर पडली ७५ बाइटांच्या आसपास. सहावी फ्रेम पडली. सातवी पडली. दहावीपर्यंत सगळ्या पडल्या. पहिल्याच दमात निम्मा डेटा गेला. टीसीपी समजतं की रस्ता तुंबलाय, आणि वेग कमी करतं. जरा सावरून वाढवतं, पुन्हा आपटतं. वापरणाऱ्याला दिसतं ते १० एमबीपीएसच्या कितीतरी खालचं काहीतरी, आणि सरासरीचा आलेख मात्र मर्यादेच्या आत शांत दिसतो.

बर्स्ट ठरवताना मी वेगाला राउंड ट्रिपच्या, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याच्या, वेळेने गुणतो आणि ८ ने भागतो. १० एमबीपीएस आणि १०० मिलिसेकंद धरले तर १,२५,००० बाइट. आठ हजार कुठे नि सव्वा लाख कुठे. तुमचा स्विच किती मोठा बर्स्ट घेतो ते आधी बघा, काहींची कमाल मर्यादा आडवी येते.

आवाजाचा हिशेब वेगळा. जी.७११ कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करण्याची पद्धत) ६४ केबीपीएसचा म्हणून पोलिसरही ६४ चा लावणारे भेटतात. २० मिलिसेकंदांचं पॅकेट धरलं तर पेलोड (प्रत्यक्ष आवाज) १६० बाइट, त्यावर आरटीपी, यूडीपी, आयपी या हेडरचे ४०, इथरनेटचे १८, टॅगचे ४. झाले २२२ बाइट, सेकंदाला ५० वेळा, म्हणजे ८८.८ केबीपीएस. १०० केबीपीएसच्या पोलिसरमध्ये एक कॉल सुखाने बसतो. त्याच फोनवर तिघांची कॉन्फरन्स जोडली आणि आवाज फोनमध्येच मिसळला जात असेल, तर बाहेर पडणारे प्रवाह दोन होतात, १७७.६ केबीपीएस. मग कॉन्फरन्समध्येच आवाज का फाटतो याचा शोध लोक हेडसेटमध्ये घेत बसतात. व्हिडिओला तर सरासरी वेगावरून कधीच पोलिस करू नका. पूर्ण चित्राची फ्रेम येते तेव्हा कितीतरी पॅकेट एकापाठोपाठ धडकतात.

क्लास-डीफॉल्टवर सरसकट 'ड्रॉप' लावण्याआधी त्यात काय काय पडतं ते बघा. राउटिंग प्रोटोकॉलची पॅकेट सहसा सीएस६, म्हणजे ४८, लावून येतात. त्यांच्यासाठी वेगळा क्लास नसेल तर गर्दीच्या वेळी तुम्ही स्वतःच शेजारी राउटरशी असलेलं नातं तोडाल.

शिवाय इनग्रेस पोलिसर आधीच झालेली गर्दी उलटवू शकत नाही. पॅकेट तुमच्या पोर्टवर पोचलं म्हणजे ते मागची लिंक वापरून मोकळं झालेलं असतं. बाहेरून येणारी लिंक तुंबत असेल तर उपाय पलीकडच्या टोकाला, पाठवणाऱ्या बाजूला करावा लागतो. इथे पॅकेट टाकल्याने टीसीपी सावकाश होईल, यूडीपीला बहुधा पत्ताही लागणार नाही.

तपासताना होणारी फसगत

पॉलिसी लागली की नाही हे पाहायला लोक 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' देतात, सगळे काउंटर शून्य दिसतात आणि सगळी कॉन्फिग उपसायला लागतात. ३५६० आणि ३७५० वर ती आकडेवारी ग्राह्य धरायचीच नसते. तिथे 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस स्टॅटिस्टिक्स' बघा. त्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक डीएससीपीचा हिशेब वेगवेगळा मिळतो.

पोर्ट मिरर करून, म्हणजे त्याच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन, तपासत असाल तर आणखी एक खड्डा आहे. बऱ्याच स्विचवर येणाऱ्या दिशेचं मिररिंग क्यूओएसने खूण बदलण्याआधीची प्रत देतं. म्हणजे तुम्हाला मूळ ० दिसणार आणि पॉलिसी चालत नाही असं वाटणार. बदललेली खूण बघायची तर अपलिंकच्या बाहेर जाणाऱ्या दिशेला, किंवा सरळ पुढच्या डिव्हाइसवर पकडा.

चाचणीचं पॅकेट पाठवताना लिनक्सच्या पिंगला '-Q' या पर्यायात १८४ द्या, ४६ नाही. तो पर्याय अख्खा आठ बिटांचा बाइट घेतो आणि डीएससीपी त्यातले वरचे सहा बिट, म्हणून ४६ गुणिले ४. चुकून ४६ दिलंत तर पॅकेटवर डीएससीपी ११ चढतो, तुमच्या कोणत्याच क्लासला तो ओळखीचा नसतो, आणि तासभर भलत्याच जागी शोध चालतो. खूण बरोबर पोचतेय असं दिसलं की त्याच अपलिंकवरून एखादी मोठी फाइल कॉपी सोडा, लिंक भरू द्या, आणि मग दोन्ही बाजूंनी कॉल लावून ऐका.