अलिबागला लग्न करताय? आधी तिथी सांगा

पार्टीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पर प्लेट किती?" माझाही ठरलेला, "तिथी कुठली?" मग पलीकडून शांतता. मुंबई-पुण्याची माणसं रिसॉर्ट बुक करतात, मेंदीवाली ठरवतात, ड्रोन ठरवतात आणि समुद्राला मात्र कोणी विचारत नाही. आमचा अलिबागला मांडवाचा धंदा सासऱ्यांपासूनचा, म्हणून समुद्रापासूनच सुरुवात करते.

गुरुजींनी मुहूर्त दिला की त्या तिथीची पाऊणपट करा, शुद्ध असो की वद्य. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर भरती आणि सहा तासांनी, ऐन गोरज मुहूर्तावर, ओहोटी. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांचा हिशोब आहे हा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या.

आता यातली गोम. अष्टमी-नवमीची भरती भांगाची, पाणी फार वर चढत नाही, पण उतरतही नाही. संध्याकाळी वाळू अरुंदच राहते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. दुपारी लाट पार सुरूच्या झाडांकडे येते आणि संध्याकाळी समुद्र इतका आत जातो की वऱ्हाडाला नाचायला मैदान मिळतं. मला विचाराल तर शुद्ध चतुर्दशी किंवा पौर्णिमा पकडा. मांडव मात्र उधाणाच्या खुणेच्या वरच घाला. वाळका पालापाचोळा आणि शिंपल्यांची जी आडवी रेघ दिसते ती खूण. कोणी रेघेच्या खाली मांडव घालून देतो म्हणाला तर त्याला बयाणा देऊ नका.

महिन्यांचं सोपं आहे. चातुर्मासात बहुतेक घरी लग्नं लावत नाहीत आणि पावसाचे बहुतेक महिने त्यातच येतात. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू. धनुर्मास पाळणाऱ्यांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबावं. न पाळणाऱ्यांनीही नाताळ ते 31 डिसेंबर सोडावा, त्या आठवड्यात खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. शनिवार-रविवारऐवजी मधला वार घेतलात तर रिसॉर्टवाला भावावर बोलायला तयार होतो. जागा म्हणाल तर कुलाबा किल्ल्यासमोरच्या मुख्य बीचवर गर्दी फार, घोडागाडीवाले तुमच्या मंगलाष्टकांतून जातील. आक्षी, वरसोली, किहीम, आवास बघा. किल्ल्याचे फोटो हवेत? पौर्णिमेच्या आसपास पहाटेही ओहोटी असते, तेव्हा चालत जा आणि पाणी फिरायच्या आत परत या.

"आमचा प्रायव्हेट बीच आहे" असं सांगणारे भेटतील. वाळू सरकारची असते. तहसील कार्यालय, मेरीटाइम बोर्ड, पोलीस ठाणे, ज्याची ज्याची परवानगी लागेल तिचा कागद तुमच्या नावाने आणि तारखेने हातात घ्या, तोंडी काही नको. उघड्यावरचा स्पीकर रात्री 10 ला बंद, त्यात घासाघीस नाही.

वारा. दुपारनंतर तो समुद्राकडूनच येतो. अंतरपाट शिडासारखा फुगतो, तेव्हा धरायला दोन मामा पुरत नाहीत, चार धडधाकट माणसं नेमा. समुद्र नवरा-नवरीच्या मागे न ठेवता पाहुण्यांच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असा मांडव फिरवा. नाहीतर अक्षता टाकणाऱ्याच्याच डोळ्यांत येतात आणि फोटोत मावळत्या सूर्यापुढे दोघांचे चेहरे काळे. होमाला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, समईऐवजी काचेचे कंदील. खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात, म्हणून खाली प्लायवूड आणि वर मॅटिंग. आणि पत्रिकेतच लिहा, उंच टाचा घालू नका. आत्याबाई ऐकणार नाहीत, पण आपण सांगितलेलं असावं.

मुंबईचे पाहुणे गेटवेहून लाँचने तासाभरात मांडव्याला उतरतात, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. आजी-आजोबा, रुखवत आणि शालूंच्या बॅगा मात्र भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आणा, गाडीसकट चढता येतं. संध्याकाळचं लग्न असेल तर परतीची शेवटची बोट कधीची ते आधी बघा. जेवण होईपर्यंत ती सुटलेली असते, म्हणजे खोल्या किंवा बस तुमच्याच गळ्यात. रस्त्याने येणाऱ्यांना वडखळच्या अलीकडे-पलीकडे वाहतूक कोंडीचे दोन तास जादा धरायला सांगा.

जेवणात पनीर आणि पास्ता कशाला? जानेवारी-फेब्रुवारीत लग्न असेल तर हळदीच्या रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजायचं जेवण, लावा. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, थरावर ओवा-मीठ, तोंडाशी पुन्हा पाला ठासून. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या, अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो. शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं, खुणेला गळ्याशी दोरा बांधा. शेंगा ताज्याच हव्यात, म्हणून आचाऱ्याला नाही, थेट शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगा.

रिटर्न गिफ्टला चांदीचा मुलामा दिलेल्या वाट्या नकोत. फेब्रुवारीनंतरचं लग्न असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ द्या, 2022 मध्ये त्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालंय. एकदम शे-दोनशे माळा बाजारात उभ्या उभ्या मिळत नाहीत. कार्ल्याकडच्या किंवा खंडाळ्याच्या शेतकऱ्याला कांदा जमिनीत असतानाच सांगून ठेवा. हे खंडाळे आमच्या अलिबागजवळचं, घाटातला खंडाळा नव्हे.