बसऱ्याला जाण्यापूर्वीचा फोटो: पूर्वज शिपायाची नोंद कशी करावी

कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ, कागल आणि गडहिंग्लज तालुक्यांत, अनेक घरांच्या सोप्यात वर्दीतल्या पणजोबांचा फोटो टांगलेला असतो आणि विचारले तर घरची मंडळी एवढेच सांगतात, की ‘ते बसऱ्याला गेले होते’, म्हणजे पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील बसरा बंदराकडच्या आघाडीवर. असे फोटो बहुधा पलटण जहाजावर चढण्याआधी, रजेच्या दिवसांत काढलेले असतात. म्हणून नोंद करताना एक पथ्य पाळावे: फोटो काढला त्या दिवशी त्या माणसाला काय ठाऊक होते आणि पुढे काय घडले, हे दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावे.

हे पथ्य कशासाठी, ते तारखांवरून कळते. पुणे डिव्हिजनची 16 वी ब्रिगेड 16 ऑक्टोबर 1914 रोजी मुंबईहून निघाली आणि तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. त्या दिवशी ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात युद्धच नव्हते. ते 5 नोव्हेंबरला पुकारले गेले आणि दुसऱ्याच दिवशी ही ब्रिगेड बसऱ्याकडे जाणाऱ्या शत अल अरब नदीच्या मुखाशी, फाओ येथे उतरली. तेव्हा रवाना होण्याआधीच्या फोटोखाली ‘तुर्कांशी लढण्यास सज्ज’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. पुढे इराकमधल्याच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात हीच पलटण अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले. पण हा मजकूर दुसऱ्या परिच्छेदातला आहे.

हेच पथ्य दुसऱ्या महायुद्धातल्या एका फोटोलाही लागू पडते. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या स्वारीच्या आदल्या रात्री, 5 जून 1944 रोजी, इंग्लंडमधील हार्वेल विमानतळावर घड्याळे जुळवणाऱ्या चार ब्रिटिश पॅराशूट अधिकाऱ्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यांपैकी लेफ्टनंट बॉबी डी ला टूर त्याच महिन्यात मरण पावले. मथळ्यात हा मृत्यू आधी लिहिला, की पाहणाऱ्याची नजर त्यांच्या मनगटांवर ठरतच नाही, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फोटो काचेला चिकटला असेल, तर तो ओढू नये. तसाच सावलीत, फ्लॅश न वापरता टिपावा. सुटा असेल, तर दोन्ही बाजू 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन कराव्यात, कारण पाठीमागची पेन्सिलीची अर्धवट ओळ किंवा स्टुडिओचा शिक्का कधी कधी समोरच्या चेहऱ्यापेक्षा अधिक सांगतो. आमच्या घरचा फोटो नव्या चौकटीत बसावा म्हणून कारागिराने खालून बोटभर कापला आणि स्टुडिओचे उठावाचे नाव त्या कपच्यासह केरात गेले. म्हणून चौकट फोटोच्या मापाची करावी, फोटो चौकटीच्या मापाचा करू नये.

स्कॅन मोठा करून आधी खांदा पाहावा. खांदेपट्टीवर पितळी आकडा दिसला, तर पलटण ठरते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोत बाहीवरचे चिन्ह शोधावे: इस्पिकचा एक्का असेल तर 25 वी, लढाऊ कोंबडा असेल तर 23 वी आणि त्रिकोणातून बाहेर येणारा वाघ असेल तर 26 वी हिंदी डिव्हिजन. यांपैकी 26 वी डिव्हिजन जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळच्या रामरी बेटावर आणि मे महिन्यात रंगूनच्या मोहिमेत समुद्रमार्गे उतरली. अर्थात वर्दीवरून पलटण कळते, माणूस कळत नाही.

माणसासाठी पेटीतले पदक काढावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती राखेने घासू नये, नाहीतर अक्षरे झिजतात. शिपाई युद्धात वारला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावे. तिथे नाव एकाच वर्तनीने शोधून थांबू नये, इंग्रज कारकुनाने पवारचे पोवार केले (आपल्याकडे तर तसेच म्हणतात!) आणि आडनावच गाळून बापाचे नाव लिहिले, असे होऊ शकते. गाव आणि तालुका यांवरून शोधल्यास कधी कधी लवकर सापडते. बसऱ्याच्या स्मारकावर 40,000 हून अधिक मृतांची नोंद असली, तरी हिंदी शिपायांची नावे तिथल्या भिंतीवर कोरलेली नाहीत; पलटणीनुसार केवळ संख्या आहे. त्यामुळे सोप्यातला हा फोटोच त्याची पाटी ठरतो.

फोटोवर पेनने काही लिहू नये; कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर नाव, गाव आणि ही माहिती कोणी सांगितली ते लिहावे. मूळ फोटो कोरड्या जागी ठेवून भिंतीवर प्रत लावावी आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्यावी, कारण 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या घरांत पाणी कुठवर चढते ते दाखवले आहे. फोटो भिजलाच, तर उन्हात टाकू नये. चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवावेत आणि चेहरा वर करून सुती कापडावर पंख्याशिवाय, सावलीत वाळू द्यावेत.