बेटावर छोट्या मोटरबोटीनं जायचंय? हिशोब परतीपासून मांडा

जाताना सहसा काही बिघडत नाही. सकाळची वेळ असते, वारं पडलेलं असतं, टाकी भरलेली असते आणि माणसं ताजीतवानी असतात. खरी परीक्षा दुपारनंतर सुरू होते. वारा वाढलेला, टाकी निम्म्यावर आलेली, सगळे उन्हानं थकलेले, आणि कुणाला तरी संध्याकाळपर्यंत घरी पोचायचंच असतं. म्हणून तयारी करताना मी परतीपासून सुरुवात करतो. ‘तिथे पोचू का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘दुपारी तीन वाजता, खवळलेल्या पाण्यातून परत येऊ शकू का?’ याचं उत्तर आधी शोधा.

हा लेख सहा-सात मीटरच्या, आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून लावलेल्या) इंजिनच्या उघड्या बोटीसाठी आहे. उदाहरणासाठी बेट २५ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ४६ किलोमीटरवर आहे असं धरू. पुढे ‘मैल’ म्हणजे सागरी मैलच.

१. ‘जायचं नाही’ कधी, ते आदल्या रात्री लिहून ठेवा

सकाळी धक्क्यावर सगळे जमल्यावर नाही म्हणणं फार जड जातं, म्हणून आकडा आधीच ठरलेला हवा. माझा आकडा असा: परतीच्या वेळेपर्यंत कधीही वारा १२ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर जाणार असेल, तर बेत रद्द. तुमची बोट आणि अनुभव यांनुसार आकडा बदलेल, पण ठरला की त्यावर घासाघीस नको.

हवामानाच्या अंदाजातली लाटांची उंची वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तो आकडा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येते. दुसरी, उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर महत्त्वाचं. एक मीटरची लाट दर नऊ सेकंदांनी आली तर बोट नुसती वरखाली होते. तीच लाट दर चार सेकंदांनी आली तर पाठीचा मणका मोजून निघतो.

आणि प्रवाह बघा. वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, मग वारा फारसा नसला तरी पाणी वाईट होतं. फ्लोरिडाहून बहामाला जाताना वाटेत गल्फ स्ट्रीम लागतो. हा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणून वारा उत्तरेचा असेल तर तिथले जाणते लोक बोट काढतच नाहीत.

२. इंधन: तीन भागांचा नियम, आणि तो जेमतेमच का पुरतो

नियम जुना आहे: एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. ऐकताना तिसरा भाग उधळपट्टी वाटतो. जरा आकडे मांडून बघू.

शांत पाण्यात बोट २० नॉटनं चालते आणि ताशी ३२ लिटर पेट्रोल पिते असं समजा. म्हणजे मैलाला १.६ लिटर. जाऊन-येऊन ५० मैलांना ८० लिटर, आणि नियमाप्रमाणे बरोबर घ्यायचं १२० लिटर. आता परतताना समुद्र उठला आणि वेग १० नॉटवर आणावा लागला. खर्च निम्मा होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. या वेगात बोट पाण्यावर उचलली जाऊन पळत नाही, ती पाणी ढकलत चालते. ताशी २५ लिटर लागले तरी मैलाला अडीच लिटर झाले. जाताना ४०, येताना साडेबासष्ट, एकूण १०२ च्या वर. शिल्लक राहिले जेमतेम १७ लिटर, आणि टाकीच्या तळातले थोडे तर पंपाला उचलताच येत नाहीत. यात वाट चुकणं नाही, कुणाला मदत करणं नाही, बेटाभोवती फेरी मारणं नाही.

तुमच्या बोटीचा मैलाचा खर्च माहीत नसेल तर बेटाचा विचार सध्या सोडा. आधी किनाऱ्यालगत, नेहमीचं वजन भरून, वेगवेगळ्या वेगांना तो मोजा. टाकीच्या काट्यावर विसंबू नका. बोट हलते तसा काटा हलतो.

३. इंजिन

भर समुद्रात इंजिन बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे घाण इंधन. महिनोन्महिने टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसलेला असतो. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो. मोठ्या लाटांत टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो, तोही नेमका इंजिनची सगळ्यात गरज असताना. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. त्याच्या तळाला पारदर्शक वाटी असेल तर उत्तम. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे वाटीच्या तळाशी वेगळा थर दिसतो. निघण्यापूर्वी तो बघा आणि काढून टाका. एक नवा फिल्टर आणि तो उघडायचा पाना बोटीत ठेवा, आणि बदलण्याचा सराव धक्क्याला बांधलेल्या बोटीवर करून बघा.

इंजिन चालू केल्यावर मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार नीट पडते का बघा. दोन बॅटऱ्या हव्यात, एक फक्त इंजिन चालू करण्यासाठी राखलेली. बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप पाणी ओतून तपासा. तळाचं बूच घट्ट आहे ना, ते हातानं चाचपा.

४. संकटात लागणाऱ्या वस्तू

लाइफ जॅकेट अंगावर हवं, कप्प्यात नव्हे. एवढं पाळलं तरी अर्धी लढाई जिंकली. ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी, नाहीतर तो पडला तर बोट त्याला सोडून निघून जाते, किंवा गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

मोबाइलवर विसंबू नका. बोटीत बसवलेला २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर बोलण्याचा बिनतारी संच) आणि जोडीला पाण्यात चालणारा हातातला सेट हवा. आपत्तीचं चॅनेल १६. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे अँटेना जितकी उंच तितका पल्ला लांब. छोट्या बोटीत उभं राहून हातातल्या सेटवरून दुसऱ्या छोट्या बोटीशी चार-पाच मैलांपलीकडे बोलणं कठीण. म्हणून संकटाचा इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन घ्या. तो उपग्रहामार्फत थेट बचाव केंद्राला ठिकाण कळवतो. अंगावर लावायचा छोटा पीएलबी किमान २४ तास चालतो, बोटीचा ईपर्ब किमान ४८ तास. दोन्ही नोंदवून घ्या. नोंद नसेल तर हाक कुणाची आहे हे शोधण्यातच वेळ जातो.

लाल फ्लेअर्स (संकटाची खूण म्हणून पेटवायच्या मशाली) मुदतीतले हवेत. शिवाय नांगर आणि लांब दोर, समुद्री नांगर, माणशी भरपूर पाणी. खोल पाण्यात साधा नांगर तळाला पोचत नाही. तिथे पाण्यात छत्रीसारखा उघडणारा समुद्री नांगर बोटीचं तोंड लाटांकडे धरून ठेवतो. इंजिन बंद पडल्यावर हाच तुमचा सगळ्यात मोठा आधार.

५. मार्ग आखा आणि किनाऱ्यावर सांगा

प्रवाह आडवा २ नॉट असेल तर २० नॉटनं जाताना सव्वा तासात बोट अडीच मैल बाजूला सरकते. ते भरून काढायला प्रवाह जिकडून येतो तिकडे सुमारे ६ अंश तोंड वळवून ठेवावं लागतं. वेग निम्मा झाला की सरकणं दुप्पट होतं, म्हणजे ५ मैल, आणि अंशही जवळपास दुप्पट. जीपीएस हे आपोआप दाखवतो, पण तो बंद पडला तर? होकायंत्राची दिशा आणि निघाल्याची वेळ कागदावर लिहिलेली असू द्या.

सखल बेट लवकर दिसत नाही. डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असतील तर क्षितिज जेमतेम तीन मैलांवर असतं. १०० मीटरची टेकडी स्वच्छ हवेत साधारण २४ मैलांवरून दिसते, दहा मीटरची झाडं साडेनऊ मैलांवर आल्यावरच. मध्ये काही काळ दोन्ही किनारे दिसणार नाहीत, हे बरोबरच्यांना आधीच सांगा.

किनाऱ्यावरच्या एका विश्वासू माणसाकडे बोटीचं वर्णन, माणसांची नावं, मार्ग आणि परतीची वेळ द्या. कितीला तटरक्षक दलाला कळवायचं, ती वेळही ठरवून द्या. ‘उशीर झाला तर बघ’ याला काही अर्थ नाही.

६. पाण्यात

पहाटे, पण पुरेसं उजाडल्यावर निघा. मोठी जहाजं दिसतात त्यापेक्षा वेगानं येतात. २० नॉटनं येणारं जहाज तीन मिनिटांत एक मैल कापतं. जहाज बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा आणि दिशा न बदलता बघत राहा. ते खांबापासून पुढे किंवा मागे सरकत गेलं तर सहसा धोका नाही. तिथेच राहून मोठं होत गेलं, तर टक्कर ठरलेली आहे. लवकर आणि ठळकपणे वळा, त्याच्या मागून जा. नियमानं वाट तुमची असली तरी तो हक्क बजावण्याची ही जागा नव्हे. जहाजांचे आखलेले मार्ग काटकोनात ओलांडा.

निम्म्या अंतरावर थांबून तीन गोष्टी बघा: इंधन, घड्याळ, आकाश. एकही ठरवल्यापेक्षा वाईट असेल तर तिथूनच मागे फिरा.

बेटाच्या अगदी जवळ मात्र सूर्य पुरेसा वर आल्यावरच शिरा. खडक आणि उथळ पाणी रंगावरून तेव्हाच ओळखू येतं. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी वाऱ्याविरुद्ध बाहेर येत असेल तर आत घुसू नका, भरती लागेपर्यंत बाहेर थांबा.

७. परतीचा टप्पा

दुपारचा वारा सहसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे येताना तो पाठीवर असतो. ऐकायला बरं वाटतं, पण मागून येणाऱ्या लाटा फसव्या असतात. बोट लाटेच्या उतारावरून घसरते, तोंड पुढच्या लाटेत रुततं, मागची बाजू फिरते आणि बोट आडवी होऊन उलटू शकते. उपाय वेगाचा आहे. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच चालीनं चला, माथा ओलांडू नका. इंजिनचा कोन थोडा बाहेर काढून तोंड हलकं ठेवा, वजन पुढे साचू देऊ नका. समोरून लाटा आल्या तर उलट करा: वेग कमी, तोंड थोडं खाली, आणि लाट तिरकी घ्या.

इंजिन बंद पडलं किंवा पाणी शिरू लागलं तर आधी जॅकेटं तपासा, समुद्री नांगर टाका, मग चॅनेल १६ वर बोला. जिवाला धोका असेल तर ‘मेडे’ तीनदा, बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय आणि माणसं किती. बोट उलटली तरी ती तरंगते आहे तोवर सोडू नका. किनारा जवळ दिसला तरी पोहत निघू नका. शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा बोट दिसते.

धक्क्याला बोट बांधली की सामान उतरवण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या त्या माणसाला फोन करा. नाहीतर ठरलेल्या वेळी तो तटरक्षक दलाला कळवेल आणि तुम्ही जेवत असताना तुमचा शोध सुरू होईल.