एक ऑगस्टचं भाषण बसवताना

जुलैचा तिसरा आठवडा लागला की मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात. "बाई, टिळकांवर भाषण द्या ना लिहून." रत्नागिरीत एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं, टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मघरी दरवर्षी एक तरी तुकडी घेऊन गेले. शेंगांच्या टरफलांपासून स्वराज्याच्या गर्जनेपर्यंतचं ठरलेलं भाषण मीही पुष्कळ वर्षं लिहून दिलं. मग नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, टिळक-आगरकर एकत्र तुरुंगात गेले होते ना? मग त्यांचं बिनसलं कशावरून?" त्या वर्षापासून मी भाषण लिहून देणं बंद केलं आणि मुलांकडून बसवून घ्यायला लागले. कसं, ते सांगते.

आधी वहीचं एक पान मधोमध दुमडायला लावा. डावीकडे तुरुंगाची सालं. १८८२, कोल्हापूर प्रकरण म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीचा खटला, डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांबरोबर १०१ दिवस. १८९७, प्लेगचा काळ, प्लेग अधिकारी रँडचा खून, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आणि राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा. १९०८, सहा वर्षं, मंडाले. ही बाजू मुलांना येते, तिथे फार रेंगाळू नका. उजवीकडे वादांची सालं लिहा: १८९१ संमतिवय, १९०१ वेदोक्त (शाहू महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही), १९१८ अस्पृश्यता निवारण परिषद. ही बाजू बहुतेकदा कोरी असते, कारण आपण मोठ्यांनीच ती कोरी ठेवलेली असते. राजकारणात जहाल आणि सामाजिक प्रश्नांत सनातन्यांच्या बाजूनं उभा राहणारा माणूस एकच होता, हे त्या दुमडलेल्या पानावर मुलाला स्वतःच दिसतं.

आता उजवीकडचा एकच वाद घ्यायचा. पाच मिनिटांत तिन्ही कोंबले तर एकही पोचत नाही. मी बहुतेक वेळा १८९१ घेते.

गोष्ट बंगालपासून सुरू करा. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी सासरी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. तेव्हाच्या कायद्यात संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधाला परवानगी असलेल्या वयाची, मर्यादा दहा वर्षांची होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा आरोप लागूच झाला नाही. मग सरकारनं ती दहावरून बारावर नेली. इथे एक चूक हमखास होते, ती तपासा. हा लग्नाच्या वयाचा कायदा नव्हता. लग्न आधी झालेलं असलं तरी बारा वर्षांच्या आत नवऱ्यानं शरीरसंबंध ठेवला तर तो गुन्हा, एवढंच तो म्हणत होता. नववीतल्या मुलीला हे कसं सांगायचं, असं पालक मला विचारतात. शब्द जपून वापरा, गोष्ट लपवू नका. फुलमणी तिच्याहून लहान होती.

यानंतर टिळकांची बाजू मुलाकडून वदवून घ्या, आणि ती कमजोर करून नको. परक्या सरकारला आपल्या धर्मात आणि घरात कायद्यानं हात घालू दिला तर तो हात उद्या कुठे थांबेल, सुधारणा समाजातून आणि शिक्षणातून यावी, हा त्यांचा मुद्दा होता. सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, मुलींची लग्नं सोळाच्या आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही असं लिहून द्यावं, असा प्रतिप्रस्तावही त्यांनी मांडला होता. हे ऐकून मुलं चमकतात. म्हणजे बालविवाह चांगला नाही हे त्यांना कळत होतं? हो, कळत होतं. म्हणूनच मला त्यांचा विरोध आजही सलतो. स्वराज्य येईपर्यंत थांबायचं, तर तोवर किती फुलमणी?

आगरकरांची बाजू कायद्याला पाठिंबा देणाऱ्या 'सुधारका'ची. 'केसरी'चे पहिले संपादक तेच. मतं जुळेनात तेव्हा बाहेर पडून १८८८ साली त्यांनी आपलं वेगळं पत्र काढलं. मूल दोघांची बाजू आळीपाळीनं दोन खुर्च्यांवर बसून मांडू दे. माझ्याकडे एक मुलगा आगरकरांच्या खुर्चीत अडखळायचा आणि टिळकांच्या खुर्चीत घडाघडा बोलायचा. त्याला आठवडाभर आगरकरांच्याच खुर्चीत बसवलं, मग तिथेही त्याचा आवाज मोकळा झाला.

वेदोक्ताचा वाद निवडलात तर कोल्हापूरचे शाहू महाराज आणि पंचगंगेचा घाट एवढ्यावरून सुरुवात करा. 'केसरी'च्या अग्रलेखाचं 'वेदोक्ताचें खूळ' हे शीर्षकच पुरेसं बोलतं. १९१८ची मुंबईची परिषद मोठ्या मुलांना द्या. देवाला अस्पृश्यता मान्य असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही, अशा आशयाचं टिळक तिथे बोलले, आणि ती स्वतः न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर मात्र त्यांनी सही केली नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायच्या.

आता भाषेचं एक. "टिळक थोर होते, पण..." असं वाक्य मुलांच्या तोंडी आपोआप येतं. तो 'पण' काढून टाका. 'पण' आला की आवाज पडतो, ऐकणारा सावरून बसतो आणि पुढचं सगळं तक्रारीसारखं वाटतं. 'आणि' म्हणायला लावा. "टिळकांनी मंडालेला सहा वर्षं काढली, आणि संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला." एकदा मोठ्यानं म्हणून बघा, फरक कानाला कळतो.

मूल घाबरेल, त्याची तयारी ठेवा. एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या मुलीला सगळ्यांदेखत सांगितलं, थोर पुरुषांची उणीदुणी काढू नयेत. ती परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, मग टिळक वाईट होते का?" मी नाही म्हटलं. "मग मी वाईट बोलले का?" तेही नाही म्हटलं. पुढच्या वर्षी तिनं तेच भाषण शाळेच्या परिपाठात केलं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगते, कुणी अडवलं तर भांडू नकोस, साल आणि अग्रलेखाचं नाव सांग.

शेवट जयघोषानं करायचा हट्ट असेल तर करू द्या, फक्त त्याआधी मनात तीन अंक मोजायला शिकवा. त्या मुलीनं घोषणा घेतलीच नाही. तिचं शेवटचं वाक्य होतं, "१८९५ साली आगरकर वारले, तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला." मग नमस्कार करून ती आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.